घरगुती जिनची हौस आणि काजूच्या बोंडांचा प्रश्न

हल्लीं शहरांतील सुखवस्तु मंडळींत एका नव्या हौसेचा बोलबाला फार झाला आहे. तांब्याचें किंवा पोलादाचें पांच-दहा लिटरांचें लहानसें यंत्र आणावें, त्यांत मद्यार्क ओतावा, हाऊबेर, धने, लिंबाची साल, दालचिनी, वेलदोडे हीं द्रव्यें भिजत घालावीं, आणि घरच्या घरीं 'जिन' नांवाचें विलायती मद्य गाळावें, अशी ही हौस आहे. तिचें लोण आतां आपल्या बागाइतदारांच्या तरुण मुलांपर्यंत येऊन पोंचलें आहे. 'धने आमचे, लिंबें आमचीं, काजूचीं बोंडें तर झाडाखालीं कुजून जातात. मग आम्हीं आमच्या शेतावर एक लहानशी भट्टी कां लावूं नये?' असें ते विचारतात. हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं, आणि नुसता नीतिपाठ सांगून मिटविण्याजोगाही नाहीं. त्यांत शेतकऱ्याच्या मालाचें मोल, कायदा, शरीराची सुरक्षितता आणि घरादाराचें स्वास्थ्य, अशा चार गोष्टी गुंतलेल्या आहेत. सबब त्यांचा क्रमानें विचार करूं.

प्रथम जिन म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे. जिन हें फळाचें मद्य नव्हे. धान्यापासून किंवा मळीपासून गाळलेला, जवळजवळ वासरहित असा तीव्र मद्यार्क घ्यावयाचा, त्यांत पाणी मिसळून सुगंधी द्रव्यें घालावयाचीं, आणि तो पुन्हां एकदां तांब्याच्या भांड्यांतून गाळावयाचा, म्हणजे जिन होते. ह्या द्रव्यांत मुख्य मान हाऊबेरांचा. संस्कृत वैद्यकांत ह्यांसच हपुषा म्हणतात. हें झुडूप आपल्या महाराष्ट्रांत होत नाहीं. हिमालयाच्या थंड उतारांवर होतें, आणि वाळलेलीं फळें काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात. हॉलंडांतील लोक ह्या फळांचा अर्क घातलेल्या मद्यास 'जेनेव्हर' म्हणत. त्याचेंच इंग्रजी तोंडांत 'जिन' झालें. हाऊबेरांच्या जोडीस धने, संत्र्यालिंबांच्या साली आणि अँजेलिका नांवाच्या वनस्पतीचें मूळ हीं बहुधा असतात. युरोपांतील नियमाप्रमाणें जिनमध्यें शेंकडा ३७.५ पेक्षां कमी मद्यार्क असतां कामा नये.

ह्या मद्याचा इतिहास शेतकऱ्यांच्या मासिकांत सांगण्याजोगा आहे. कारण त्याचें मूळ शेतमालाच्या भावांत आहे. तिसरा विल्यम राजा हॉलंडांतून इंग्लंडांत आल्यावर इ. स. १६८९ त फ्रान्सशीं युद्ध जुंपलें आणि फ्रेंच ब्रँडीस बंदी झाली. इ. स. १६९० त पार्लमेंटानें कायदा करून धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन दिलें. जमीनदारांच्या पडून राहणाऱ्या धान्यास गिऱ्हाईक मिळावें, हा त्यांतील एक उघड हेतु होता. धान्यास गिऱ्हाईक मिळालें खरें. परंतु पुढील पन्नास वर्षांत लंडनचीं गरीब माणसें जिनच्या नादीं लागून रस्तोरस्तीं लोळूं लागलीं. इ. स. १७३६ त सरकार जागें झालें आणि किरकोळ विक्रीस सालीना ५० पौंडांचा परवाना व दर गॅलनास २० शिलिंगांचा कर बसविला. इतका भारी परवाना घेणार कोण? बोटांवर मोजण्याइतक्यांनीं तो घेतला. बाकी सारा व्यापार चोरून चालूं लागला, आणि इ. स. १७४३ त तो कायदा रद्द करावा लागला. शेवटीं इ. स. १७५१ त मध्यम मार्ग निघाला: कर बेताचा, परंतु गाळणाऱ्यानें कोणास विकावें ह्यावर कडक नजर. त्यानंतर तें व्यसन ओसरत गेलें.

ह्या हकीकतींतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मालास भाव मिळावा म्हणून भट्ट्या मोकळ्या सोडल्या, तर तो भाव गरिबांच्या घरांतून वसूल होतो. उलटपक्षीं, भट्टीवर न झेपणारा कर लादला, तर ती बंद पडत नाहीं; फक्त अंधारांत जाते. आमच्या पुढील विवेचनाचा पाया ह्या दोन गोष्टींवर आहे.

आतां शरीराच्या सुरक्षिततेकडे वळूं. मद्यार्क सुमारें ७८ अंश उष्णतेस उकळतो आणि पाणी १०० अंशांस. ह्या फरकावरच भट्टीची सारी किमया उभी आहे. परंतु आंबवणांत एकटा मद्यार्क नसतो. मेथिल नांवाचा विषारी अल्कोहोल सुमारें ६५ अंशांस उकळतो. शिवाय डोकें चढविणारीं व घसा जाळणारीं इतर द्रव्येंही प्रारंभींच वाफेबरोबर निघतात. म्हणून जाणता गाळणारा पहिला भाग टाकून देतो, मधला ठेवतो आणि शेवटचा आंबूस भाग निराळा काढतो. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' ह्या शब्दांस केवढी प्रतिष्ठा! ती कडक असते हें खरें. परंतु जो भाग आमचे लोक अभिमानानें पुढें करतात, त्यांतच टाकून देण्याजोगीं द्रव्यें अधिक असतात, हें त्यांस कोणी सांगत नाहीं. हा भाग टाकल्यानें मेथिल मुळींच उरत नाहीं, असेंही नव्हे. कारण तें पुढील धारेंतही थोडें थोडें उतरत राहतें. सबब प्रयोगशाळेंतील तपासणीवांचून खात्री नाहीं. फळांच्या गरांत पेक्टिन असतें व त्यापासून मेथिल उत्पन्न होतें. म्हणून धान्यापेक्षां फळांच्या मद्यांत ही काळजी अधिक घ्यावी लागते.

तथापि एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वर्तमानपत्रांत येणारे सामुदायिक मृत्यु बहुधा भट्टींतील फळामुळें होत नाहींत. ते कारखान्यांतील मेथिल चोरून आणून पाण्यांत मिसळल्यामुळें होतात. इ. स. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणी भागांत शंभरांहून अधिक माणसें ह्याच विषानें गेलीं. इ. स. २०२२ च्या जुलैंत गुजराथेंतील बोटाद भागांत चाळिसांहून अधिक गेलीं. आणि गुजराथ तर संपूर्ण दारूबंदीचा प्रांत! यावरून निव्वळ बंदीनें विष थांबत नाहीं, हें उघड आहे. घरगुती यंत्राचे आणखीही धोके आहेत. मद्याची वाफ दिव्याच्या ज्योतीनें पेट घेते. बंद खोलींत चुलीवर हा खेळ करणें म्हणजे घरास आग लावून घेणें होय. सांध्यांस शिशाचा डाख दिलेला असल्यास शिसें मद्यांत उतरतें व हळूहळू अंगांत भिनतें. भांडें तांब्याचें असण्याची रीत मात्र शास्त्रास धरून आहे. कारण आंबवणांतील गंधकाची दुर्गंधि तांबें शोषून घेतें.

कायद्याविषयीं तर संदिग्धता अशी नाहींच. महाराष्ट्रांत इ. स. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही चालू आहे. त्याच्या १२ व्या कलमान्वयें परवान्यावांचून मद्य तयार करण्यास व भट्टी उभारण्यास मनाई आहे. आणि ६५ व्या कलमान्वयें त्यासाठीं शिक्षा आहे. मद्य गाळलें नाहीं, केवळ गाळण्याचें साहित्य त्या हेतूनें जवळ बाळगलें, तरीही तो गुन्हा होतो. 'आम्ही विकत नाहीं, घरापुरतें करतों' हा बचाव तेथें चालत नाहीं. आमचें आयुष्य तालुक्याच्या कचेरींत सातबारा, फेरफार व पंचनामे लिहिण्यांत गेलें आहे. पंचनाम्याचा कागद एकदां झाला, म्हणजे यंत्र हौसेचें होतें कीं धंद्याचें, हें ठरण्यास किती वर्षें कोर्टाची पायरी चढावी लागते, तें आम्ही जाणतों. एतदर्थ आमच्या तरुण बागाइतदारांस आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं, शेतावर किंवा घरीं जिनची भट्टी लावूं नये.

परंतु एवढें सांगून आमचें कर्तव्य संपत नाहीं. त्यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग खरा आहे, आणि त्याचें उत्तर त्यांस मिळालें पाहिजे. काजूच्या बोंडाचें वजन बीच्या सुमारें पांच ते दहा पट असतें. म्हणजे एक क्विंटल बी विकणाऱ्या शेतकऱ्याच्या बागेंत पांच ते दहा क्विंटल रसाळ फळ उत्पन्न झालेलें असतें. तें फळ अत्यंत नाजूक. झाडावरून पडल्यावर एक दिवसही धड टिकत नाहीं. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ह्या बोंडांचा फार मोठा भाग गुरांच्या तोंडीं किंवा मातींत जातो. बोंडाच्या रसाचें सरबत होतें, सिरप होतें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें त्याच्या कृति दिलेल्या आहेत, आणि ज्यांस साधेल त्यांनीं त्या अवश्य कराव्या. परंतु बोंडाचा तुरटपणा, अवघ्या दोन-अडीच महिन्यांचा हंगाम, आणि साखर, बाटल्या व बाजारपेठ ह्यांचा खर्च, ह्यांमुळें सारें पीक त्या मार्गानें जाणें शक्य नाहीं.

बांद्याच्या पलीकडे चार पावलें गेलें कीं चित्र पालटतें. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं आणलें. त्याचें बोंड वायां जाऊं न देण्याची विद्या गोव्याच्या कष्टकरी लोकांनीं स्वतः सिद्ध केली. बोंडें कोळंबींत पायांनीं तुडवितात. चोथा दाबून जो स्वच्छ रस निथळतो त्यास 'नीरो' म्हणतात. तुडविलेला रस आंबवून 'भाण' नांवाच्या तांब्याच्या भांड्यांत तापवितात. पहिल्या गाळणीस निघतें तें हुर्राक, सुमारें शेंकडा १५ तीव्रतेचें. पुन्हां गाळून होते ती फेणी, शेंकडा ४० ते ४५ ची. त्यांत गूळ नाहीं, नवसागर नाहीं, बाहेरचा मद्यार्क नाहीं. इ. स. २००९ त काजूच्या फेणीस भौगोलिक निर्देशनाचा हक्क मिळाला, आणि इ. स. २०१६ त गोवा सरकारनें तिला आपल्या प्रांताचें वारसा-पेय म्हणून मान्यता दिली. तेथें भट्टीस परवाना आहे, आणि बागांचे विभाग सरकार दरसाल लिलावानें देतें. झाड तेंच, माती तीच, बोंड तेंच. परंतु सीमेच्या एका बाजूस तें शेतमाल आहे आणि दुसऱ्या बाजूस कचरा आहे!

ही स्थिति आपल्याकडे कशी आली? इ. स. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें गांवोगांवच्या भट्ट्या मोडून मक्तेदारांच्या मोठ्या कारखान्यांस वाट करून दिली. इ. स. १८९२ त तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांचाच स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे झाडाखालीं पडलेलें फूल वेंचणें हाही संशयाचा विषय ठरला. त्या कायद्यांच्या मुळाशीं सरकारी उत्पन्नाची चिंता मोठी होती. गरिबाच्या प्रकृतीची नव्हे. स्वराज्यांतील दारूबंदीचा हेतु उदात्त होता, आणि घटनेच्या ४७ व्या कलमांत तो नमूद आहे. परंतु पुढें बंदी सैल झाली, मळीच्या मद्याचे मोठमोठे कारखाने परवान्यानें राजरोस चालूं लागले, आणि फळवाल्या शेतकऱ्याचें दार मात्र पूर्वींसारखें बंदच राहिलें. मोहाच्या फुलांवरील निर्बंध इ. स. २०२१ त आपल्या सरकारनें पुष्कळ सैल केले, ही स्तुत्य गोष्ट आहे. त्याच न्यायानें बोंडाचाही विचार व्हावयास हवा.

परदेशांत काय चाललें आहे तेंही पहावें. न्यूझीलंडांत इ. स. १९९६ पासून घरापुरतें मद्य गाळण्यास मोकळीक आहे. विकण्यास मात्र नाहीं. इंग्लंडांत अजूनही परवान्यावांचून घरीं गाळतां येत नाहीं. जर्मनींत फळबागाइतदारांच्या लहान भट्ट्यांस वर्षाला ३०० लिटर शुद्ध मद्यार्काची मर्यादा घालून दिलेली आहे. फ्रान्सांत बागाइतदार आपलीं फळें मान्य भट्टीवर नेऊन गाळून घेतो. १० लिटर शुद्ध मद्यार्कापर्यंत करांत सवलत असते. तेथें हा हक्क पूर्वीं वंशपरंपरेनें चालत असे. व्यसन वाढतें असें पाहून इ. स. १९६० त तो वारसा त्यांनीं बंद केला. ह्या सर्व देशांत एकच एक उत्तर नाहीं. परंतु जर्मनी व फ्रान्स ह्यांच्या पद्धतींत एक समान सूत्र आहे: शेतकऱ्याचें स्वतःचें फळ, ठराविक प्रमाण, आणि नोंदलेली भट्टी. आमच्या मतें आपणांस हेंच सूत्र घेण्यासारखें आहे. न्यूझीलंडची घरोघरची मोकळीक नव्हे.

सबब आमची सूचना अशी आहे. काजू पिकविणाऱ्या तालुक्यांत बागाइतदारांच्या सहकारी संस्थांस, आणि केवळ संस्थांस, हंगामापुरते लहान भट्टीचे परवाने द्यावे. भट्टींत सभासदांचींच बोंडें यावीं. ज्याच्या सातबाऱ्यावर काजूच्या झाडांची नोंद आहे त्याचींच घ्यावीं, आणि वजन करून पावती द्यावी. गूळ, नवसागर किंवा बाहेरचा मद्यार्क सांपडल्यास परवाना तत्काळ रद्द व्हावा. तीव्रता हायड्रोमीटरनें मोजावी, आणि प्रत्येक घाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत तपासल्याशिवाय माल बाहेर पडूं नये. भट्टीवर एक पेलाही किरकोळ विकूं नये. सारा माल परवानाधारक कारखान्यानेंच घ्यावा. परवान्याची फी भट्टीच्या आकाराप्रमाणें असावी. मोठ्या कारखान्याची फी लहान संस्थेवर लादली, तर इ. स. १७३६ च्या लंडनचाच प्रकार येथें होईल. आणि शेवटची अट आम्ही सर्वांत महत्त्वाची समजतों: गांवच्या स्त्रियांची संमति असल्याखेरीज भट्टी नको. ज्या गांवच्या आयाबहिणींनीं मतदान करून 'आडवी बाटली' केली आहे, त्या गांवांत परवान्याचा अर्जही घेऊं नये. वर्धा व गडचिरोली ह्यांसारख्या बंदीच्या जिल्ह्यांस ही सूचना लागू नाहीं, हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं.

यावर कांहीं सज्जन म्हणतील, 'शेतकऱ्याच्या मासिकानें दारूची तरफदारी करावी काय?' त्यांचा आक्षेप आम्हांस तुच्छ वाटत नाहीं. दारूपायीं गेलेल्या जमिनींचे फेरफार आम्हीं आमच्या हातांनीं नोंदविले आहेत. आधीं सावकाराचा बोजा, मग खरेदीखत, मग त्याच गटांत पूर्वींच्या मालकाची मजुरी. हा क्रम आम्हांस कागदावर पाठ आहे. परंतु त्या फेरफारांपैकीं एकही काजूच्या बोंडानें घडविलेला नव्हता. ते घडविले गांवच्या गुत्त्यानें, उधारीनें आणि चोरट्या हातभट्टीनें. बोंडाचा पैसा वजनाच्या पावतीनें शेतकऱ्याच्या घरांत यावा, आणि मद्य मात्र गांवांत राहूं नये, एवढीच आमची मागणी आहे. ज्या योजनेंत मद्य गांवांतच विकलें जाईल, त्या योजनेस आमचा विरोध राहील. मग ती कितीही फायद्याची असो.

ज्या तरुणांस लहान यंत्राचीच गोडी लागली आहे, त्यांस आणखी एक वाट दाखवितों. त्याच तत्त्वावरील यंत्रानें पाण्याच्या वाफेवर गवती चहाचें, वाळ्याचें, तुळशीचें सुगंधी तेल निघतें. खानदेशांतील रोशा तेलाचा लौकिक एके काळीं दूरदूरच्या पेठांत होता, आणि तें रानांतील साध्या भट्ट्यांवरच निघत असे. ह्या कामांत मद्यार्काचा थेंब नाहीं, आंबवण नाहीं, आणि दारूबंदीच्या कायद्याची धास्तीही नाहीं. शिवाय गेल्या कांहीं वर्षांत गोव्यांत व इतरत्र देशी जिनचे कारखाने निघाले आहेत. त्यांस उत्तम धने, लिंबवर्गीय साली व मसाल्याचीं द्रव्यें हवीं असतात. साल नीट वाळविलेली, धने एकाच प्रतीचे, आणि माल निर्मळ असेल, तर बाटली भरणाऱ्यापेक्षां तीं द्रव्यें पुरविणाराचा धंदा अधिक निर्धास्त आहे.

तात्पर्य, घरच्या भट्टीची हौस सोडून द्यावी. संस्थेच्या भट्टीचा हक्क मात्र सोडूं नये. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक संस्थेनें आपल्या सभासदांच्या बागेंत बोंडें किती होतात व किती कुजतात, ह्याचें वजनासह टिपण करावें. सरकारापुढें भावनेपेक्षां आकडा लवकर उभा राहतो, हें कचेरींत काम केलेला मनुष्य कधींही विसरत नाहीं. तें टिपण हातीं असलें म्हणजे अर्ज लिहिण्याचें काम आम्ही आनंदानें करूं. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.